बाबांना इतक्यात गावातून हलवू नकोस, दादा

शिकागो
९ नोव्हेंबर २०२५

ती. दादास आणि वहिनींस,
धाकटीचा शिरसाष्टांग नमस्कार.

दादा, तुझा निरोप मी परत परत ऐकला. रात्रीची लाईन होती, बाबा मोटार बंद करायला विसरले आणि हरभऱ्याच्या वावरात सकाळपर्यंत पाणी तुंबलं. त्याआधी गॅसवर दूध उतू गेलं, त्याआधी बँकेचं पासबुक हरवलं. तूर घरात आली की त्यांना नागपूरला घेऊन जायचं, असं तू ठरवलंस आणि वहिनींनी पूर्वेकडची खोली रिकामीसुद्धा केली. तुम्हा दोघांच्या मनात काय आहे ते मला कळतं. आई गेल्यापासून बाबांचा भार तूच वाहतोस, शनिवार-रविवार गाडी काढून गावी जातोस. फोनवर हे सगळं नीट बोलणं होत नाही, म्हणून सविस्तर लिहिते. माझं म्हणणं एकच आहे. बाबांना इतक्यात गावातून हलवू नकोस.

मी रोज बाबांच्याच वयाच्या माणसांमध्ये काम करते, हे तुला माहीत आहे. आमच्या केंद्रात सकाळी गाडीने म्हाताऱ्या माणसांना आणतात, दुपारी घरी सोडतात. मधल्या वेळात मी त्यांचे हातपाय चालते ठेवते. त्यांच्यात आंध्रातले एक आजोबा आहेत. त्यांनी आयुष्यभर कापूस पिकवला. बायको गेली तेव्हा मुलाने मोठ्या मायेने त्यांना इकडे आणलं. वेगळी खोली आहे, न्हाणी आहे, टीव्हीवर तेलुगू चॅनेल आहेत. पण सकाळी आठला घर रिकामं होतं ते संध्याकाळी सहाला भरतं. चालत जाऊन कुणाच्या ओट्यावर बसावं असा इथे ओटाच नाही. त्यात बर्फाचे चार महिने. ते केंद्रात आले तेव्हा विचारल्यावर हो-नाही एवढंच बोलायचे, जेवलो की नाही हेही सांगता यायचं नाही. पुढे त्यांच्याच भागातले दुसरे एक आजोबा आले आणि दोघांची पत्त्यांची बैठक जमली. आता हे आजोबा समोरच्याने गुण चुकीचे मांडले की भांडून बरोबर करून घेतात. त्यांचा विसरण्याचा आजार बरा झाला असं मी म्हणणार नाही, तसा तो होत नाही. पण जे विझत चाललं होतं त्यातलं बरंच अजून शिल्लक होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं. त्यांना पाहिलं की मला प्रत्येक वेळी नागपूरचा सातवा मजला आठवतो. तू आणि वहिनी नऊला निघता, मुलं शाळेत जातात, आणि बाबांना लिफ्टची भीती वाटते.

ही नुसती माझ्या मनाची समजूत नाही. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञांच्या आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाला, म्हणजे विसरण्याच्या आजाराला, हातभार लावणारी १४ कारणं मांडली. ती सगळी दूर करता आली तर जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळतील किंवा लांबतील, असा त्यांचा अंदाज आहे. बीपी, शुगर, तंबाखू, कमी शिक्षण ही आपल्याला माहीत असलेली कारणं त्यात आहेतच. पण म्हातारपणी माणसांपासून तुटणं हेही त्यात आहे, आणि त्याचा वाटा ५ टक्के धरला आहे. कमी ऐकू येण्याचा वाटा ७ टक्के आहे. हा दुसरा आकडा लक्षात ठेव, त्याच्याकडे मी पुढे येते.

लंडनच्या सरकारी नोकरांचा व्हाइटहॉल नावाचा एक अभ्यास १९८५ पासून चालू आहे. दहा हजारांवर माणसं, किती वर्षं त्यांच्या मागावर राहिलेत बघ. त्यावरचा एक निष्कर्ष २०१९ मध्ये आला. साठीच्या सुमारास जे मित्रमंडळींना जवळजवळ रोज भेटत होते, त्यांना पुढे स्मृतिभ्रंश होण्याचं प्रमाण, काही महिन्यांतून एखाद्या-दुसऱ्या मित्राला भेटणाऱ्यांपेक्षा सुमारे १२ टक्क्यांनी कमी होतं. आणि दादा, हा फरक मित्रांच्या भेटीत दिसला, नातेवाइकांच्या भेटीत तसा दिसला नाही. आपण पोटची लेकरं आहोत, आपली माया कुठे जात नाही. पण नामदेवकाका बाबांना जे देतात ते आपण देऊ शकत नाही. आपण बाबांना काय विचारतो? जेवले का, गोळी घेतली का, स्वेटर घातलं का. नामदेवकाका विचारतात, "पऱ्हाटीले भाव भेटून रायला का बावा औंदा?" आणि मग तासभर दोघं कापसावरून, व्यापाऱ्यावरून, १९७२ च्या दुष्काळावरून कडाकडा भांडतात. ते भांडण म्हणजेच मेंदूचा व्यायाम. समोरच्याचं ऐकायचं, तो कुणाबद्दल बोलतोय ते आठवायचं, त्याचा चेहरा वाचायचा, आपला शब्द शोधायचा आणि त्याने तोंड उघडायच्या आत बोलून मोकळं व्हायचं. टीव्हीपुढे बसलेल्या माणसाला यातलं काहीच करावं लागत नाही.

इथे शिकागोतच रश नावाचं वैद्यकीय विद्यापीठ आहे. त्यांनी १९९७ पासून म्हाताऱ्या माणसांचा एक अभ्यास चालवला आहे. त्यात भाग घेणारे दरवर्षी स्मरणाच्या चाचण्या देतात आणि मेल्यावर मेंदू तपासायला द्यायचं कबूल करतात. २००६ साली त्यातून एक गोष्ट समोर आली. काहींच्या मेंदूत आजाराच्या खुणा भरपूर होत्या, तरी जिवंतपणी त्यांची बुद्धी त्या मानाने शाबूत राहिली होती, आणि ज्यांचा गोतावळा मोठा होता त्यांच्यात हे जास्त दिसलं. ज्या विहिरीला झरे जास्त ती दुष्काळात उशिरा आटते, तसं समज. आजार आला तरी मेंदू दुसऱ्या वाटेने काम भागवून नेतो. शिवाय एकटेपणाचा ताण अंगात मुरला की स्मरणाचं काम करणाऱ्या भागाला त्रास होतो, झोप बिघडते, बीपी चढतं, जेवण अर्धवट होतं. एकटा माणूस चुलीवर काय करून खातो ते तू पाहिलंच आहेस.

याची दुसरी बाजूही आहे. विस्मरण सुरू झालेला माणूस लाजेने आपणहून माणसं टाळायला लागतो. म्हणजे काही जणांत आजार आधी आणि एकटेपण नंतर. संशोधकही हे मानतात आणि म्हणून जपून बोलतात. त्यामुळे माणसांत बसवलं की बाबांना काहीच होणार नाही, अशी हमी मी देत नाही. पण माणसांतून काढलं तर त्यांचं भलं होईल, असं म्हणणारा एकही अभ्यास माझ्या पाहण्यात नाही.

आता कानाचं. बाबा संध्याकाळच्या सामुदायिक प्रार्थनेला जात नाहीत, म्हणून तू काळजीत आहेस. गुरुदेव सेवा मंडळाची खंजिरी ज्या माणसाने इतकी वर्षं वाजवली, मोझरीला तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला जो आजवर चुकला नाही, तो एकाएकी घरात का बसतो? मी त्यांनाच विचारलं. म्हणाले, "मले काई आयकू येत नाई वं पोरी. सारे हासतात, त मी बी हासतो. कावून हासलो ते मालूम नसते. मंग कायले जाऊ?"

दादा, ते विसरत आहेत की त्यांच्या कानावरच पडत नाही, हे आपण तपासलंच नाही. मोटार बंद करा, असं सालगडी जाताना सांगून गेला असेल आणि बाबांनी नुसती मान हलवली असेल. अमेरिकेत सत्तर ते चौऱ्याऐंशी वयाच्या ९७७ जणांवर एक चाचणी झाली, तिचे निकाल २०२३ मध्ये आले. कानाचं यंत्र दिल्याने सरसकट सगळ्यांत फरक दिसला नाही. पण ज्यांना आधीपासून धोका जास्त होता, त्यांच्यात तीन वर्षांत बुद्धीची घसरण सुमारे ४८ टक्क्यांनी मंदावली. बाबांना बीपी आहे, वय सत्त्याहत्तर आहे. करून पाहण्यासारखं आहे की नाही, तूच सांग.

म्हणून नागपूरला न्यायचंच तर चार दिवसांसाठी ने. कानाच्या डॉक्टरांना दाखव, मळ साचलाय का तेही बघून घे. डोळेही तपास, मोतीबिंदू राहून गेला असेल. न सुधारलेली नजरही त्या १४ कारणांत आहे. रक्तात बी-१२, थायरॉईड, शुगर बघायला सांग. बाबा माळकरी आहेत, अंडं-मांस नाही, आणि आई गेल्यापासून दूधदहीही कमी झालंय. बी-१२ कमी पडलं तरी माणूस विसरायला लागतो आणि ते इंजेक्शनने सुधारू शकतं. मन खचल्यानेही असंच होतं, तेही डॉक्टरांना स्पष्ट सांग. बायको गेलेल्या माणसाचं मन खचलं तर आपल्याकडे त्याला आजार म्हणत नाहीत. पुरुषाचं तर नाहीच नाही.

यंदाच्या पोळ्याचा तू पाठवलेला व्हिडिओ मी इथे सगळ्यांना दाखवला. तोरणाखाली बैल उभे आहेत, ढोल थांबलाय, समोरच्या आळीतल्या पोराने झडती, म्हणजे पोळ्यात ओरडून म्हणायचं कवन, टाकली आणि ती संपते न संपते तोच बाबांनी हात वर करून दुसरी फेकली. "एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव" म्हणताना सगळा पोळा त्यांच्यामागे ओरडला. पाठ असलेलं जुनं शेवटपर्यंत टिकतं, नवं आधी निसटतं, हे मला माहीत आहे. त्यावरून सगळं ठीक आहे असं मी धरत नाही. पण त्या पोराच्या झडतीला साजेशी झडती त्यांनी त्या क्षणी निवडली. झडती टाकणारा ओरडूनच टाकतो, म्हणून ती त्यांना ऐकू आली. मला त्या व्हिडिओत म्हातारा दिसला नाही. गावाला हवा असलेला माणूस दिसला. नागपुरात त्यांना कोण बोलावणार? सोसायटीत पोळा नसतो, आणि गणपतीत म्हाताऱ्यांना खुर्चीवर बसवून ठेवतात.

तुझी भीती खोटी नाही. गॅस आणि मोटार यांचा बंदोबस्त करावाच लागेल. मोटारीचं काम सालगड्याकडेच राहू दे, बाबांनी रात्री वावरात जायचंच नाही. दोन्ही वेळचा डबा शेजारच्या कमलकाकूंकडून घ्यायचा, पैसे मी पाठवते. पण डबा घरी येऊ नये, बाबांनी तिकडे जाऊन काकांसोबत पंगतीला बसावं, असं काकूंना सांग. नामदेवकाकांना सांग की संध्याकाळी प्रार्थनेला जाताना बाबांना हाक न मारता दारातून हाताला धरून न्या. एसटी पंच्याहत्तरीच्या पुढे २०२२ पासून फुकट आहे. दोघांनी आठवड्याला तिवसा गाठावं, बाजार करावा, वाटलं तर मोझरीला उतरावं. पुढे कधी खरंच एकटं राहणं अशक्य झालं तर मीच तुला म्हणेन, आण त्यांना. पण ती वेळ तपासण्या झाल्यावर ठरवू.

माझ्या वाटणीचंही सांगते. इथे पंच्याहत्तरीपुढच्या एकट्या पडलेल्या माणसांवर एक प्रयोग झाला. आठवड्यातून चार वेळा, अर्धा-अर्धा तास, व्हिडिओ कॉलवर कुणीतरी त्यांच्याशी मोकळ्या गप्पा मारायचं. सहा महिन्यांनी बुद्धीच्या चाचणीतले त्यांचे गुण, ज्यांना असे कॉल आले नव्हते त्यांच्यापेक्षा सरस निघाले. तेव्हा गावी सकाळचे सात वाजले की माझी आदल्या दिवशीची संध्याकाळ असते, तेव्हा मी फोन करणार. चारही वेळा. "जेवले का" विचारणार नाही. जुनी विहीर कुणी खोदली, आजोबांची बंडी कुठून आली, आपल्या आळीत आधी कुणाची घरं होती, हे विचारणार. एकेक झडती लिहूनही घेणार आहे. वहिनी, बाबांच्या मोबाईलवर आवाज मोठा करणारं हेडफोन तुम्ही लावून द्याल का? तोवर यंत्राचं बघू.

आणखी एक. आपल्या देशात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख माणसांना स्मृतिभ्रंश आहे असा अंदाज २०२३ मध्ये निघाला. प्रमाण शहरापेक्षा खेड्यात जास्त आणि पुरुषांपेक्षा बायकांत जास्त आहे. गावातल्या विधवा बायका पारावर जात नाहीत, त्यांना कुणी बोलावतही नाही. भुलाबाईची गाणी म्हणायलाही आता कुणी जमत नाही. गोदाआजी दिवसभर दाराशी बसून असतात. वहिनी, तुम्ही गावी जाल तेव्हा त्यांच्याजवळ जरा बसा आणि कमलकाकूंनाही बसायला सांगा. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पासष्टीपुढच्या कमी उत्पन्नाच्या माणसांना चष्मा, कानाचं यंत्र असल्या गोष्टींसाठी ३,००० रुपये मिळतात. त्यांचा अर्ज गेलाय का, ते ग्रामपंचायतीत विचारा.

कानाच्या डॉक्टरांची वेळ ठरली की मला कळव, मी त्या वेळी फोनवर राहीन. बाबांना हे पत्र वाचून दाखवलंस तरी चालेल, फक्त मोठ्याने वाच. वहिनींच्या गुडघ्याचं काय झालं तेही लिहा. सांगितलेले व्यायाम करताहेत ना? पोरांना पापा.

तुझी,
सुनी