ओव्हरटाइमची करमाफी कोणाला?
महोदय,
अमेरिकेत २०२५ पासून ओव्हरटाइमवर करसवलत मिळते हे कळल्यावर आमच्या मकरपुऱ्यातही ‘आपल्याकडे कधी?’ सुरू झाले. तिथेही सगळा ओव्हरटाइम माफ नाही. दीडपट मजुरीतला साध्या दरावरचा जादा अर्धा भागच करपात्र उत्पन्नातून वजा होतो, तोही एकट्याला वर्षाला १२,५०० डॉलरपर्यंत. त्यासाठी तो भाग हिशेबात वेगळा दिसावा लागतो. इथे कायद्याने दर दुप्पट. पण माझ्या भाच्याच्या पगारचिठ्ठीत ओव्हरटाइमचा रकानाच कोरा, पैसे महिनाअखेरीस पाकिटातून, तेही साध्या दराने! शिवाय नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही, मग कामगाराला माफी कशाची? फावेल ते गलेलठ्ठ पगाराला ‘ओव्हरटाइम’ म्हणवणाऱ्यांचे. आधी हजेरीच्या यंत्रावरचे तास पगारचिठ्ठीत उतरवायला लावा.
– एक वाचक, मकरपुरा, वडोदरा