‘मशीन बदला’ न म्हणणाऱ्या सर्व्हिस इंजिनिअर साहेबांना

नमस्कार साहेब,

भोसरीतल्या आमच्या ऑफिसातलं मल्टिफंक्शन मशीन फॅक्स अर्धवट सोडत होतं आणि स्कॅन फोल्डरमध्ये टाकत नव्हतं. अशा दोन तक्रारी एकदम आल्या की ‘बोर्ड गेलाय’ म्हणून कोटेशन पाठवून देणं सोपं असतं. तुम्ही ते केलं नाहीत, त्याबद्दल मनापासून आभार. हे जाहीरपणे लिहितोय, कारण तुम्ही ज्या क्रमाने तपासणी केलीत तो कुठल्याही ऑफिसला कामी येईल.

आधी तुम्ही मशीनला हातच लावला नाहीत. भिंतीतून येणारी वायर ‘लाइन’ सॉकेटमधून काढून साध्या फोनला जोडली आणि डायल टोन ऐकला. खरखर आहे का, कॉल वेटिंग चालू आहे का, याच लाइनवर दुसरं एक्स्टेंशन आहे का, हे बघितलंत. कॉल वेटिंगची एक बीप चालू फॅक्स तोडू शकते, हे फार थोड्या जणांच्या लक्षात येतं. वायर चुकून शेजारच्या ‘टेल’च्या सॉकेटमध्ये गेली नाही ना, तेही पाहिलंत, दोन्ही सॉकेट आरजे-११ ची, दिसायला सारखीच.

मग फॅक्सचा प्रोटोकॉल रिपोर्ट, म्हणजे दोन मशीनमधल्या बोलण्याची नोंद, काढलात. बहुतेक जण ‘कम्युनिकेशन एरर’ एवढं वाचून थांबतात, पण खरी माहिती या कागदावर असते. समोरच्या मशीनचा डीआयएस (‘मला काय काय जमतं’ हा निरोप) आला होता, म्हणजे नंबर बरोबर आणि पलीकडे फॅक्सनेच उचललं होतं. आपल्या मशीनने डीसीएस हा निरोप पाठवून वेग ठरवला, मग टीसीएफ, म्हणजे दीड सेकंद नुसत्या शून्यांची चाचणी. तिला उत्तर सीएफआर, म्हणजे ‘पान पाठवा’, यायला हवं होतं. येत होतं एफटीटी, ‘या वेगाने जमत नाही’. मशीन एकेक पायरी खाली उतरत होतं, कधी पहिलं पान जात होतं आणि दुसऱ्यावर लाइन सुटत होती. मशीनमधला मोडेम (फॅक्सचे सूर पाठवणारा-ऐकणारा भाग) बोलतोय, ऐकतोय, म्हणजे बोर्ड शाबूत आहे, हा निष्कर्ष तुम्ही त्या कागदावर बोट ठेवून दाखवलात.

दोष होता रस्त्यात. तांब्याची लाइन जाऊन फोन आता फायबरच्या डब्यातल्या पोर्टातून येतो. तिथे आवाजाचे साधारण २० मिलिसेकंदांचे तुकडे होऊन पाकिटांतून जातात. बोलताना एखादं पाकीट हरवलं तर कानाला कळतही नाही. मोडेमच्या दृष्टीने मात्र सिग्नलला भोक पडतं. त्यात दोन टोकांच्या यंत्रांची घड्याळं किंचित वेगळी चालतात आणि फरक साचत जातो, म्हणून एक पान निघतं आणि लांबलचक फॅक्स मरतो. जी.७२९ सारखा कॉम्प्रेस करणारा कोडेक (आवाज डिजिटल करण्याची पद्धत) असेल तर फॅक्सची आशाच सोडावी, आवाज फारसा न दाबणारा जी.७११ हवा, आणि त्याहून चांगलं म्हणजे टी.३८, इंटरनेटवरून फॅक्स नेण्यासाठीच केलेली पद्धत. ‘इंटरनेट स्लो आहे’ अशी तक्रार न करता सेवा देणाऱ्यांकडे नेमकं टी.३८ मागा, हा तुमचा सल्ला सोन्यासारखा. ते होईपर्यंत सुपर जी३ (फॅक्सची वेगवान पद्धत) बंद करून पाठवण्याचा वेग सेकंदाला ३३,६०० बिटवरून ९,६०० वर आणलात. पान थोडं सावकाश जातं, पण जातं.

ईसीएमबद्दल (खराब आलेला भाग पुन्हा मागवण्याची सोय) खास आभार. फॅक्स अडला की ‘ईसीएम बंद करा’ असं सर्रास सांगितलं जातं, आणि बऱ्याचदा त्याने कामही होतं. पण सुपर जी३ ला ईसीएम लागतोच. तो बंद केला की वेग आपोआप १४,४०० किंवा त्याखाली येतो, आणि गुण बहुधा त्या उतरलेल्या वेगाचा असतो. ईसीएम नसेल तर खराब झालेली ओळ पुन्हा मागवली जात नाही. जपानमधले आमचे जुने ग्राहक अजून ऑर्डर फॅक्सने पाठवतात, आणि ड्रॉइंगवरच्या मापातला एक आकडा पुसट आला तर जॉब वाया जातो. तुम्ही वेग कमी केलात आणि ईसीएम चालू ठेवलात. परदेशी नंबरसाठी ‘ओव्हरसीज मोड’ कुठे असतो तेही दाखवलंत. काही मॉडेलमध्ये तो एका फॅक्सपुरताच चालू राहतो, हे माहीत नसलं तर माणूस उगाच मशीनला शिव्या घालतो.

नेटवर्कची कथा त्या मानाने छोटी. हेच मशीन पीसीवर प्रिंटर म्हणून ‘ऑफलाइन’ दिसत होतं, पण पिंगला (नेटवर्कवरून मारलेल्या हाकेला) उत्तर देत होतं. राउटरमध्ये मशीनचा मॅक पत्ता (नेटवर्कवरचा ओळख क्रमांक) बांधून १९२.१६८.१.५० हा आयपी पत्ता कायमचा दिलात, पीसीवर विंडोजने आपोआप जोडलेला डब्ल्यूएसडी पोर्ट काढून स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट केलात, आणि त्या पोर्टच्या सेटिंगमधली एसएनएमपी स्टेटसची (मशीनची हालचाल विचारत राहण्याची) टिकमार्क काढलीत. ती टिक असली आणि मशीनने त्या चौकशीला उत्तर दिलं नाही, की विंडोज धडधाकट मशीनला ऑफलाइन ठरवतं.

फोल्डर स्कॅनचं कारण नवीन पीसी. मशीनचं जुनं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) फक्त एसएमबी १, म्हणजे फोल्डर शेअरिंगची जुनी पद्धत, बोलत होतं. नव्या पीसीवर ती बंद असते, आणि विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीत साइनिंगही (प्रत्येक निरोपावर खरेपणाची डिजिटल सही) सक्तीचं झालंय. एसएमबी १ परत चालू केलं असतं तर काम दोन मिनिटांत झालं असतं. पण २०१७ चा वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस त्याच दारातून पसरला होता. तुम्ही फर्मवेअर अपडेट केलंत, पीसीवर ‘स्कॅन’ नावाचा लोकल युजर केलात (पिनने लॉगिन होणारं मायक्रोसॉफ्ट खातं इथे उपयोगाचं नाही), आणि परवानगी शेअरिंग आणि सिक्युरिटी अशा दोन्ही टॅबमध्ये दिलीत. पहिली देऊन दुसरी विसरली की एररमध्ये पासवर्डचा दोष दिसतो आणि लोक पासवर्ड बदलत बसतात. नेटवर्क ‘पब्लिक’वर होतं ते ‘प्रायव्हेट’ केलंत, नाहीतर फायरवॉल फोल्डर शेअरिंगचा ४४५ पोर्ट अडवतं.

जाता जाता मेलवर स्कॅनही सुरू करून दिलंत: जीमेलचा १६ अक्षरी ॲप पासवर्ड, पोर्ट ५८७, स्टार्टटीएलएस एन्क्रिप्शन. आणि मशीनची तारीख दुरुस्त केलीत. ती मागे पडली की मेल सर्व्हरचं सर्टिफिकेट अमान्य ठरतं आणि एररमध्ये तारखेचा उल्लेखसुद्धा नसतो.

सगळ्या सेटिंग मशीनच्या कव्हरच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या कागदावर आहेत, जुन्या खोडून नव्या लिहिल्यात तशा. पुढच्या एएमसी (वार्षिक देखभाल करार) भेटीला फीडरचा सेपरेशन पॅड (कागद एकेक सोडणारी पट्टी) घेऊन या. पातळ चलनं दोन-दोन ओढायला लागली आहेत.

आपले,
बिलिंग आणि डिस्पॅच विभागातली मंडळी