शेवट माहीत असूनही

नाशिक,
२३ नोव्हेंबर

प्रिय वैशू,

तुझं पत्र परवा मिळालं. स्टीफन किंगचं ‘पेट सेमेटरी’ तू अर्ध्यावर मिटलंस, त्या छोट्या गेजच्या अंत्यविधीनंतर एक पानही पुढे वाचवेना, आणि आता भयकादंबऱ्या आपल्यासाठी नाहीत असं तू ठरवून टाकलंस. ओजस तीन वर्षांचा आहे, तेव्हा पुस्तक मिटलंस हे मला पटतं. पण पुढे तू विचारलंयस की, मूल जाणार हे लेखकाने आधीच सांगून टाकलं, मग भ्यायला उरलंच काय, आणि तरी इतका त्रास का झाला? अगं, आधी सांगितलं म्हणूनच झाला. मला हे इतकं मनापासून वाटतं की आज बाकीची कामं बाजूला ठेवून लिहायला बसले आहे.

तो पतंगाचा प्रसंग पुन्हा आठव. बापलेक माळावर पतंग उडवतायत, पोरगं खिदळतंय, आणि त्या आनंदाच्या ऐन भरात स्टीफन किंग एका वाक्यात सांगून मोकळा होतो की या मुलाच्या आयुष्याचे दोन महिनेही उरलेले नाहीत. तोपर्यंत आपण एक सुखी घर पाहत असतो. त्या वाक्यानंतर तेच घर, तीच माणसं, पण रस्त्यावरून गेलेला प्रत्येक ट्रक आपल्याला ऐकू यायला लागतो. अपघात समोर घडताना तर तो दाखवतही नाही. पुढचा भाग उघडतो तेव्हा सगळं होऊन गेलेलं असतं आणि ती धावाधाव आपल्याला लुईच्या, म्हणजे बापाच्या, आठवणीतून कळते. दुसऱ्या कुणी तो अपघात पानभर रंगवला असता, आपण दचकलो असतो आणि पुढे गेलो असतो. इथे दचकायला जागाच नाही, नुसतं कळत राहायचं.

हे किंगच्या स्वतःच्या घरातून आलेलं आहे हे तुला माहीत आहे का? अमेरिकेतल्या मेन राज्यात ऑरिंग्टन नावाच्या गावी हे कुटुंब भाड्याने राहत होतं. घरासमोरून अवजड ट्रकांचा रस्ता जायचा आणि मागच्या जंगलात गावातल्या मुलांनी आपल्या मेलेल्या कुत्र्यामांजरांसाठी खरोखरच दफनभूमी केली होती. त्याच्या मुलीचं मांजर त्या रस्त्यावर मेलं. धाकटा मुलगा एकदा रस्त्याच्या दिशेने धावत सुटला होता, तो वाचला. लिहून झाल्यावर हे पुस्तक किंगलाच सोसवेना, बरेच दिवस त्याने हस्तलिखित बाजूला ठेवलं. प्रकाशकाला एक पुस्तक देणं होतं म्हणून ते शेवटी १९८३ साली बाहेर आलं. स्वतःच्या सगळ्या पुस्तकांत आपल्याला सर्वांत जास्त भीती याचीच वाटते असं त्याने पुढे लिहिलं आहे. लिहिणाऱ्याला जे झेपलं नाही ते एका आईला झेपलं नाही, यात तुझं काही कमी पडलं असं मुळीच समजू नकोस. ओजस मोठा होऊ दे, मग उघड. नाही उघडलंस तरी चालेल.

हॉस्टेलवर तू कानांवर हात ठेवून ओरडायचीस, ‘शेवट सांगू नकोस, शेवट सांगू नकोस!’ शेवट फोडणारा माणूस तुझ्या लेखी शत्रूच. माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं की शेवट कळल्यावर जे पुस्तक मरतं त्यात जीवच थोडा होता. याचा सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे ‘द डे ऑफ द जॅकल’. फ्रेडरिक फोर्सिथने ते १९७० च्या सुरुवातीला जेमतेम महिनाभरात लिहिलं. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांचा खून करायला निघालेल्या भाडोत्री मारेकऱ्याची गोष्ट, आणि त्या वेळी द गॉल हयात होते. प्रकाशकांनी तेच कारण सांगून हस्तलिखित परत केलं, की माणूस मारला गेला नाही हे सगळ्या जगाला ठाऊक आहे, मग वाचणार कोण? नोव्हेंबर १९७० मध्ये द गॉल आपल्या गावच्या घरी वारले, पुस्तक १९७१ मध्ये आलं, आणि जगभर वाचलं गेलं. आजही हातात घेतलं की खाली ठेवत नाही.

का ठेवत नाही? फोर्सिथ पॅरिसमध्ये वार्ताहर होता आणि बातमीदारासारखं सगळं सांगतो. मुळात १९६२ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसजवळ द गॉल यांच्या गाडीवर खरोखरच गोळीबार झाला होता. त्या कटाच्या म्होरक्याला मार्च १९६३ मध्ये गोळ्या घातल्या गेल्या, तिथून कादंबरी सुरू होते. मग हा परका माणूस इंग्लंडातल्या दफनभूमीत लहानपणीच वारलेल्या मुलाचं नाव शोधतो, त्याच्या जन्मदाखल्यावर पासपोर्ट काढतो, कारागिराकडून खास बंदूक करून घेतो, जंगलात झाडाला खरबूज टांगून नेम जमवतो. दुसऱ्या बाजूला लेबेल, बुटका, घरी बायकोचा धाक असलेला पोलीस अधिकारी, देशोदेशीच्या पोलिसांना फोन करत बसतो. कागद, नोंदी, हॉटेलांची रजिस्टरं. मारेकरी हरणार हे पहिल्या पानापासून माहीत असतं आणि तरी मधल्या दीडशे पानांत माझ्या मनात येतं, आता हा सुटतो की काय! इतिहास माहीत असलेल्या वाचकाला क्षणभर इतिहासाची शंका यायला लावणं, थ्रिलर लिहिणाऱ्याने याहून मोठं काय करायचं? ज्या जॅकलचं खरं नावसुद्धा आपल्याला कधी कळत नाही, त्याची मेहनत बघून आपण नकळत त्याच्या बाजूचे झालेले असतो. याची मला दर वेळी थोडी भीती वाटते, आणि ती भीती पुस्तक संपल्यावरही राहते.

‘ड्रॅक्युला’ तू सिनेमामुळे टाळलंस. सिनेमातला झगा आणि सुळे विसर आणि पुस्तक वाच. ब्रॅम स्टोकरने १८९७ साली ते पत्रं, रोजनिशा, तारा, जहाजाची नोंदवही यांतून रचलं. प्रत्येकाच्या हातात एक तुकडा, सगळे तुकडे फक्त वाचकाच्या हातात. काउंट पहिल्या चार प्रकरणांनंतर फारसा समोर येतच नाही, पण तो इंग्लंडला पोचलाय हे आपल्याला कळलेलं असतं आणि तिथे कुणालाच नसतं. लूसी आजारी पडते. डॉक्टर व्हॅन हेल्सिंग तिच्या खोलीत लसणाची फुलं भरून ठेवतो, खिडक्या बंद करतो, पण घरच्यांना कारण सांगत नाही. रात्री तिची आई येते, उग्र वासाने लेकीला त्रास होईल म्हणून फुलं उचलून नेते आणि मोकळी हवा यावी म्हणून खिडकी थोडी उघडते. सकाळी हे सगळं ती कौतुकाने डॉक्टरांना सांगते. मला विचारशील तर सबंध पुस्तकातलं सर्वांत भयंकर पान हेच. त्यात रक्ताचा थेंब नाही, आईची माया आहे आणि आपल्याला माहीत असलेली एक गोष्ट आहे. उत्तरार्धातला पाठलाग मात्र लांबलाय, तिथे भराभर पानं उलटलीस तरी काही बिघडत नाही.

‘रोझमेरीज बेबी’सुद्धा असंच. शेजारची म्हातारी रोज प्रेमाने एक पेय आणून देते, रोझमेरी ते पिते, आणि तिच्या कितीतरी आधी आपल्याला संशय येतो. १९६७ चं छोटंसं पुस्तक आहे, आयरा लेव्हिनने एक वाक्य जास्त लिहिलेलं नाही. पण ते तू इतक्यात वाचू नकोस, गरोदरपणाची गोष्ट आहे.

आता तू म्हणशील, सगळं सांगायचंच तर मग गूढ कुठे राहिलं? काय होणार हे सांगावं, का होतं हे सांगू नये, असं माझं मत आहे. शर्ली जॅक्सनच्या ‘द हाँटिंग ऑफ हिल हाऊस’मध्ये एलिनॉर अंधारात मैत्रिणीचा हात घट्ट धरून बसते, दिवा लागतो, मैत्रीण लांब आहे. मग आपण कुणाचा हात धरला होता? याचं उत्तर जॅक्सन शेवटपर्यंत देत नाही. १९५९ पासून कुणालाच मिळालेलं नाही. मात्र एलिनॉरबद्दल ती सगळं सांगते: अकरा वर्षं आजारी आईची सेवा केलेली, स्वतःचं म्हणावं असं घर नसलेली, कुणीतरी ‘ये’ म्हणावं म्हणून आसुसलेली बाई. घर तिला ‘ये’ म्हणतं. ते तिला परत सोडणार नाही हे मला पहिल्या काही प्रकरणांतच कळलं होतं, आणि तिने तिथून निघून जावं असं मी पानोपानी घोकत होते.

याच्या उलट हॅनिबल लेक्टर या नरभक्षक खुन्याचं काय झालं बघ. ‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्ज’मध्ये (१९८८) तो गजांआड बसलेला, थोडाच वेळ दिसणारा माणूस आहे. तो असा का, याला उत्तर नाही, आणि त्या रिकाम्या जागेतच त्याचा सगळा दरारा आहे. २००६ मध्ये थॉमस हॅरिसने ‘हॅनिबल रायझिंग’ लिहून त्याचं बालपण सांगितलं. युद्ध, लिथुआनिया, धाकट्या बहिणीचा भीषण शेवट. वाचून मला लेक्टरची कीव आली. ज्याची कीव येते त्याची भीती वाटत नाही. ते पुस्तक नसतं तर फार बरं झालं असतं.

आपल्या नारायण धारपांबद्दल मात्र मी हळवी आहे, तुला माहीत आहे. ‘लुचाई’ ही किंगच्या ‘सेलम्स लॉट’वरून घेतलेली म्हणून नाक मुरडणारे लोक भेटतात. घेतलेली आहेच. पण एका अमेरिकन गावाची गोष्ट मराठी गावात उतरवताना माणसांचं बोलणं, घरं, देवघरातला दिवा हे सगळं आपलं करून घेणं सोपं नसतं. धारपांचा माणूस हिशेबी, सरळ नोकरी केलेला, भुताखेतांवर विश्वास नसलेला. तो एखाद्या जुन्या घरात राहायला जातो आणि खोलीत काहीतरी बदललंय एवढंच त्याला जाणवतं. तिथे धारपांना तोड नाही. माझी तक्रार आहे ती त्यांच्या समर्थ या सिद्धपुरुष नायकाच्या कथांबद्दल. समर्थ आले की सगळं ठीक होणार हे कळतं आणि तिथे माझी भीती संपते. तू लगेच पकडशील की जॅकलमध्येही शेवट ठाऊक असतोच ना! असतो, पण लेबेल जे करतो ते कष्टाचं काम आहे, एक नोंद नजरेतून सुटली तर सगळं हातचं जाईल. समर्थांकडे सिद्धी आहे, तिथे चुकायला वाव नाही. म्हणून धारपांच्या ज्या कथांत सोडवायला कुणीच येत नाही त्या मला जास्त आवडतात, आणि रत्नाकर मतकरींच्या गूढकथा तर त्याहूनही. मतकरींना भीतीसाठी भूत लागेलच असं नाही, साधा मत्सर पुरतो. पण ते गोष्टींचे लेखक, आणि आज मी कादंबऱ्यांबद्दल बोलतेय, त्यांच्यावर वेगळं पत्र लिहीन.

‘द दा विंची कोड’ तुला आवडलं होतं, मला नाही. शंभरावर प्रकरणं, प्रत्येकाच्या शेवटी ओढ लावणारं वाक्य, आणि उत्तर कळलं की परत उघडावं असं एकही पान नाही. ‘गॉन गर्ल’चं तसं नाही. अर्ध्यावर सगळं उलटतं हे खरं, पण मला ते पुस्तक तिथून पुढे आवडायला लागलं. बायको काय आहे ते आपल्याला कळलेलं असतं आणि नवऱ्याला त्याच घरात तिच्याबरोबर राहायचं असतं.

आता तुझ्यासाठी. ‘रेबेका’ या आठवड्यात कुरियरने पाठवते. दाफ्ने द्यू मोरियेने १९३८ साली लिहिली, सुरुवातीलाच कळतं की ते मँडर्लीचं घर आता राहिलेलं नाही, आणि तरी तिथली कारभारीण मिसेस डॅनव्हर्स दारात उभी राहिली की छाती धडधडते. मूलबाळ नाही त्यात, निर्धास्त वाच. त्यानंतर केइगो हिगाशिनोची ‘द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स’, मूळ जपानी, इंग्रजीत सहज मिळते. खून कुणी केला हे सुरुवातीलाच आपल्या डोळ्यांसमोर घडतं. शेजारचा गणिताचा मास्तर तो लपवायला मदत करतो, हेही कळतं. सगळं कळलंय अशा समजात तीनशे पानं जातात. पुढचं मी सांगणार नाही. हा एक शेवट तू मला कितीही खोदून विचारलास तरी मिळणार नाही, आणि वाचायच्या आधी दुसऱ्या कुणालाही विचारू नकोस.

जानेवारीत मी पुण्याला आहे. तोवर दोन्ही वाचून झाली तर रविवारी दुपारी घरीच बसू. ओजसला माझा गोड पापा. काकूंना नमस्कार सांग, त्यांच्या गुडघ्याचं काय झालं ते कळव.

तुझी,
मीनल