पावागडच्या वाटेलाही श्रमदान हवंय

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळा लागला की रविवारी बडोद्याची पोरं गाड्या काढून पावागडला निघतात, छान गोष्ट आहे, डोंगर चढावाच. पण वर जाताना सगळ्यांना शॉर्टकट हवा असतो. वळणाची जुनी वाट सोडून सरळ उभं चढायचं, एकामागे एक दहा जण गेले की तिथलं गवत तुडवलं जातं आणि मग पावसाचं पाणी तीच वाट धरून खाली धावतं, माती घेऊन जातं, पुढच्या वर्षी बघावं तर तिथे घळ पडलेली. यावर कुणी बोलत नाही म्हणून हे पत्र.

माझी भाची कॅलिफोर्नियात असते, हिवाळ्यात सुट्टीच्या दिवशी ती मोहावीच्या वाळवंटात श्रमदानाला जाते. वाळवंटात दुरुस्त काय करायचं असं कुणालाही वाटेल, पण ती जमीन वरून मेलेली दिसली तरी तिच्यावर शेवाळ, दगडफूल आणि सूक्ष्म जिवाणूंची एक पातळ पापडी असते, तीच माती धरून ठेवते. गाडीचं चाक गेलं की पापडी मोडली, आणि परत धरायला कित्येक दशकं लागतात. १९४२ ते १९४४ मध्ये अमेरिकी सैन्याच्या जनरल पॅटनने सुरू केलेल्या तळावर तिथे रणगाड्यांचा सराव चालायचा, त्या चाकोऱ्या अजून दिसतात! २०१८ च्या डिसेंबरापासून अमेरिकी सरकारचं कामकाज ३५ दिवस बंद पडलं तेव्हा तिथल्या जोशुआ ट्री नॅशनल पार्कात लोकांनी रस्ता सोडून गाड्या आत घातल्या, झाडंसुद्धा पाडली, आणि त्या दिवसांत कचरा आणि संडास साफ ठेवले ते आसपासच्या गावकऱ्यांनी.

भाचीचं काम ऐकून तर मी थक्क झाले. गाड्यांनी दाबून कडक केलेली जमीन मोकळी करायची, दाताळ्याने चाकांच्या खुणा पुसायच्या आणि सुकलेल्या फांद्या खड्डा करून उभ्या रोवायच्या. वाळक्या फांद्या कशाला? तर रस्त्यावरून बघणाऱ्याला ती चाकोरी दिसतच नाही, म्हणजे पुढची गाडी आत वळत नाही, शिवाय फांदीच्या आडोशाला वाऱ्याने आलेलं बी अडकतं, थोडी सावली मिळते, ओल टिकते आणि नवीन झुडूप तिथेच धरतं. डोंगराच्या पायवाटांवर तिरपे दगड बसवतात, पाणी वाटेवरून न धावता बाजूला उतरावं म्हणून. ना मशीन, ना मोठा खर्च.

आपल्याकडे श्रमदान म्हणजे प्लास्टिक गोळा करणं नाहीतर बॅनर धरून रोपं लावणं. प्लास्टिक उचलाच हो, पण वाट तशीच राहते ना! शॉर्टकटच्या तोंडाशी काटेरी फांद्या टाकून तो बंद करणं, पाण्याला बाजूला वळवणं, हे काम आपल्या मंडळांना सहज जमेल. फक्त एक, चांपानेर-पावागड २००४ पासून जागतिक वारसा आहे, तिथला पडका दगडसुद्धा तटबंदीचा असू शकतो, त्यामुळे आपल्या मनाने एकही दगड हलवायचा नाही. वन विभाग आणि पुरातत्व खात्याने जाणकार माणूस द्यावा, कुठे हात लावायचा ते त्याने दाखवावं.

आणि दिवाळीत कच्छच्या छोट्या रणात जाणाऱ्यांनाही सांगणं आहे. ४,९५४ चौरस किलोमीटरचं ते घुडखर म्हणजे रानगाढवांचं अभयारण्य, पण गवत उगवतं ते मुख्यतः उंचवट्यांवर, ज्यांना तिकडे बेट म्हणतात, आणि घुडखर तिथेच चरायला येतो. फोटोसाठी आपणच ड्रायव्हरला म्हणतो, भाई, जरा नजीक लई लो! जीप रोजच्या चाकोरीतच राहू दे, घुडखर लांबूनही दिसतो.

पावागडवरचा एक तरी शॉर्टकट या वर्षी बंद व्हावा. खात्याने परवानगी आणि तारीख कळवावी, आमच्या मंडळाची माणसं येतील, कुदळी-घमेली आम्ही आणू.

आपली,
एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा