पट्टा मी शिवला नाही

चि. बाळ,

अनेक आशीर्वाद.

सकाळी पिशवी उघडशील तेव्हा झाडावर चढताना अंगाला बांधायचा तुझा हार्नेस, तो पट्ट्यांचा साज, त्यात नसेल. शोधत बसू नकोस, मीच काढून घेतलाय. तू पहाटे पाचला बाहेर पडतेस आणि मी रात्री अकरापर्यंत मशीनवर असते. आपलं बोलणं होतं ते चहाला उकळी येईपर्यंत. म्हणून लिहून ठेवते.

परवा तू तो माझ्यापुढे टाकलास आणि म्हणालीस, "आई, मांडीच्या पट्ट्याची टीप उसवलीये. मुकादम म्हणाले, पट्टा चांगला आहे, शिवून घे आणि वापर." मी हो म्हणून गेले. अठ्ठावीस वर्षं या पेठेतल्या बायकांचं उसवलेलं शिवतेय, नाही म्हणायची सवयच नाही. काल दुपारी मात्र तो खिडकीच्या उजेडात धरून नीट पाहिला.

काळ्या पट्ट्यावर पिवळा दोरा आहे. तो मुद्दाम वेगळ्या रंगाचा घालतात, म्हणजे एक टाका तुटला तरी नजरेत यावा. आम्ही ब्लाऊजला नेमकं उलटं करतो, रंगाशी रंग जुळावा म्हणून तुळशीबागेत रीळ हातात घेऊन हिंडतो. जीन्सच्या खिशाच्या कोपऱ्याला बारटॅक, म्हणजे दाट आडवे टाके घालतात ना, तशीच टीप, पण कितीतरी दाट. त्यातले सहा टाके तुटलेत. तेवढंच असतं तरी मला वाईट वाटलं असतं, पण कडेला पट्ट्याचा रंग उडालाय आणि नखाने खरवडलं की भुसा निघतो. ऊन लागून लागून नायलॉन आतून मेलेलं आहे. वरून धडधाकट दिसतं, म्हणून मुकादमांना चांगलं वाटलं.

तो मी का शिवला नाही ते नीट वाच. माझी सुई त्या पट्ट्यातून गेली की प्रत्येक भोकाला वजन पेलणारे धागे तुटणार. माझ्याकडचा दोरा त्या जातीचा नाही. आणि कारखान्यात नमुने ताणून, तोडून बघतात. माझी टीप धरते की नाही हे कळायचा एकच रस्ता आहे, तुला त्यावर लटकवायचं. ते मी करणार नाही. मोच्याकडेही नेऊ नकोस. तो बिचारा चप्पल शिवतो तसाच मन लावून शिवेल आणि तुला ते मजबूत वाटेल.

हे मला आधी कळायला हवं होतं. गेल्या पावसाळ्याआधी तुझी चेनसॉची पँट, साखळीच्या करवतीपासून पाय वाचवणारी, गुडघ्याच्या वर फाटली होती, आठवतंय? तू झोपलीस आणि मी जाड सुई लावून वरपासून अस्तरापर्यंत घट्ट टीप मारली, वर दुहेरी ठिगळ. दोन महिने तू ती घातलीस. नंतर तुझ्या कोर्सच्या वहीत वाचलं की त्या पँटच्या आत लांब लांब तंतूंचे थर सैल ठेवलेले असतात. चेन कापडात शिरली की ते तंतू ओढले जातात, चेनला आणि तिच्या चक्राला गुंडाळतात आणि चेन जागच्या जागी थांबते. म्हणजे त्यांचं सगळं काम सैल असण्यात आहे, आणि मी ते शिवून जखडून टाकले होते! त्या रात्री ब्लेडने टीप उसवली. आतून म्हातारीच्या केसांसारखा पांढरा पुंजका बाहेर आला आणि मला घाम फुटला. ती पँट मग आपण फक्त खाली पालापाचोळा गोळा करायला ठेवली. यापुढे वरचं कापड फाटलं तर आतल्या थराला सुई न लावता शिवायचं, कंपनीने सांगितलंय तसंच. आतला थर कापला गेला असेल तर पँट संपली. ब्लीच नको, गरम इस्त्री नको. आणि वर चढणाऱ्याने नुसती पुढून संरक्षण असलेली घेऊ नये, चारही बाजूंनी असलेली घ्यावी. जमिनीवरचा माणूस करवत पुढ्यात धरून उभा असतो, तुझे पाय मात्र फांदीवर कुठल्या दिशेला असतील याचा भरवसा नाही. वैशाखात त्यात उकडतं हे मला कळतं. म्हणून काम सकाळी लवकर, आणि साखर-मीठ घातलेली पाण्याची मोठी बाटली रोज भरून ठेवते ती भरलेली परत आणत जाऊ नकोस.

शर्ट मात्र माझ्या हातातलं काम आहे. दोन सुती शिवलेत. पाठीमागून चार इंच लांब ठेवलेत, हात वर केले की पट्ट्यातून निसटून कंबर उघडी पडते म्हणून. काखेत चौकोनी तुकडा टाकलाय, हात डोक्यावर गेला तरी ओढणार नाही. बाह्या पूर्ण, मनगटाला घट्ट. खिसे छातीवर, झाकणाचे. कुठेही नाडी, लोंबतं काही नाही. वेणी कॉलरच्या आत. अंगठी आणि बांगडी घरी. हेल्मेटची हनुवटीखालची पट्टी लावलेली नसेल तर हेल्मेट घातलंच नाही असं समज.

आता दोर. बोहरी आळीत मिळतो तो पिवळा प्लॅस्टिकचा दोर फांद्या बांधून गाडीत टाकायला ठीक, त्यावर जीव टांगायचा नाही. तुझा ११ मिलिमीटरचा कमी ताणणारा दोर आहे, तोच. कडेकपारी चढणाऱ्यांचा ताणला जाणारा दोर तुला उपयोगाचा नाही, त्यावर फांदीपाशी एका जागी स्थिर राहता येत नाही. दर रविवारी तो मी तुझ्याबरोबर तपासणार. डोळ्यांनी नाही, बोटांनी. वीत वीत पुढे सरकवत जायचं. कुठे आत पोकळ लागला, कुठे चपटा, कुठे काचेसारखा गुळगुळीत आणि कडक, तिथे थांबायचं. तो कडकपणा म्हणजे दोर वितळून गोठलेला. टेरिकॉटवर मशीन पळवलं की सुई तापते आणि दोरा वितळून तुटतो, हे मी रोज बघते. नायलॉन साधारण २२० ते २६० अंशांना वितळतं. एका जागी थांबलेल्या नायलॉनच्या पट्टीवरून दुसरा दोर सरसर धावला की तेवढी उष्णता तिथल्या तिथे तयार होते. म्हणून दोरावर दोर घासू द्यायचा नाही, मध्ये लोखंडी कडी हवी. आणि टेम्पोत बॅटरीशेजारी दोर टाकू नका. आम्लाची नुसती वाफ लागली तरी नायलॉन कुजतं आणि वरून काही दिसत नाही. धुवायचा साध्या साबणाने, वाळवायचा सावलीत. गच्चीवर नको, मी माजघरात तार बांधलीये.

बाकीचं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं, तरी आई म्हणून लिहिते. करवत हातात असेल तेव्हा दोन जागी बांधलेली असायला हवीस, त्यातला कमरेचा दोर आत पोलादी तार असलेला. तारा जवळ असतील तर महावितरणचा माणूस लाइन बंद करून समोर उभा राहीपर्यंत चढू नकोस, ओल्या दोरातून वीज येते. वर पिकल्या केळ्यासारखा वास आला तर आग्या मोहोळ चवताळलंय, काम टाकून खाली ये. गुलमोहर फुललेला बघून हुरळू नकोस. त्याची फांदी ठिसूळ आणि मूळ उथळ, पहिल्या वळवात रस्त्यावर आडवी पडलेली झाडं बघ, त्यात तोच सापडतो. आणि खाली असा एक माणूस हवा ज्याला वर चढून तुला उतरवता येतं. नुसता वर बघणारा नको.

मागच्या आठवड्यात सोसायटीतले काका म्हणत होते, परवानगी कशाला, दोनच फांद्या आहेत, वरच्यावर उरकून टाका. तू ऐकलं नाहीस, मला फार बरं वाटलं. शहरातली झाडं जपायचा १९७५ चा कायदा आहे, वृक्ष प्राधिकरण आहे, ते कागद आधी. आणि रेन ट्रीची ती मोठी आडवी फांदी तू खालून आधी थोडी कापलीस, मग वरून, आणि शेवटी बुंध्याजवळचा फुगवटा सोडून खुंट काढलास. मी रस्त्याच्या पलीकडून बघत होते. खालचा काप दिला नसता तर साल बुंध्यापर्यंत फाटत गेली असती. उभ्या धाग्यात कापड फाटतं तशी. झाडाची जखम भरून येत नाही, झाड ती आत कोंडून पुढे वाढतं, असं तूच मला सांगितलंस. त्याला रफू नाही.

तर आज तू चढणार नाहीस. खालची बाजू सांभाळ, दोर धर. मुकादमांना माझं नाव सांग, त्यांना काय बोलायचं ते माझ्याशी बोलू दे. डाळीच्या डब्यामागे चौदा हजार आहेत, लग्नसराईतल्या ब्लाऊजांचे. रविवारी आपण दोघी जाऊन नवा आणू. दुकानात तू तो घालून पाच मिनिटं लटकून बघ, मांडीला काचतो का, पोटाला रुततो का. पुरुषांच्या मापाचा गळ्यात घालून घेऊ नकोस. आतल्या चिठ्ठीवर बनवल्याची तारीख असते. बहुतेक कंपन्या कापडी सामानाला १० वर्षांपेक्षा जास्त आयुष्य देत नाहीत, म्हणून दुकानात पडून राहिलेला जुना माल नको.

जुना पट्टा कुणी उचलून वापरेल म्हणून कचऱ्यात तसाच टाकला नाही. मोठ्या कात्रीने त्याचे सात तुकडे केलेत, कात्रीची धार गेली. कड्या काढून वेगळ्या ठेवल्यात.

पोळी-भाजी डब्यात आहे. शर्ट खुंटीवर आहे, निळा घाल.

तुझी,
आई