मिशिगनच्या प्रत्येक हंगामाला एक ओळ देणाऱ्या काकांस

तीर्थस्वरूप काका यांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं रजिस्टर सुखरूप पोचलं. लेकीकडे कायमचं राहायला जाताना घरातलं बरंच काही वाटून टाकलंत, हे कळलं होतं. पण लाल कापडी बांधणीचं ते जाड रजिस्टर माझ्या नावाची चिठ्ठी लावून बाजूला ठेवलं असेल, असं वाटलं नव्हतं. फोनवर आभार मानायला गेले तर ‘त्यात काय एवढं’ म्हणून तुम्ही हवापाण्यावर आलात. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय. इथे तुम्हाला मला मध्येच थांबवता येणार नाही, आणि ॲन आर्बर या विद्यापीठाच्या गावाबाहेरच्या मराठी माणसांनाही कळेल की मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा १८७९ पासूनचा हंगामवार इतिहास एका निवृत्त इंजिनिअरने मराठीत, स्वतःच्या हाताने लिहून ठेवला आहे.

मी कोल्हापूरची. फुटबॉल म्हणजे शाहू स्टेडियम, पाटाकडील विरुद्ध दिलबहार या तालमींचा सामना, आणि घरी आल्यावर दोन दिवस बसलेला घसा. २००८ मध्ये एम. एस. करायला इथे आले तेव्हा इथला फुटबॉल मला खेळच वाटेना. लांबट चेंडू, तो हातात घेऊन पळायचं, दर दोन पावलांवर सगळे एकमेकांच्या अंगावर, आणि मग पुन्हा उभे राहून तेच. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाहीतर चेंडू समोरच्यांना द्यायचा, हे मला गणपतीच्या पंगतीत तुम्ही पापडाचे तुकडे मांडून समजावलंत. पापड संपेपर्यंत मला खेळ कळला होता.

वर्ष मात्र वाईट होतं. मंदी आलेली, आमच्या बॅचला इंटर्नशिप मिळेना, आणि मिशिगन त्या हंगामात ३–९. एका मोसमात नऊ पराभव या संघाने कधीच पाहिले नव्हते. सलग ३३ वर्षं हंगामाअखेरीचा बाऊल सामना खेळलेला संघ त्या वर्षी घरी बसला. शनिवारी संध्याकाळी गावात सुतक असल्यासारखं वाटायचं. अशाच एका शनिवारी तुम्ही मला घरी नेलंत, काकींनी आमटीभात वाढला आणि तुम्ही रजिस्टर पुढ्यात ठेवलंत. मी अधीरपणे शेवटचं पान उघडायला गेले, तर म्हणालात, ‘तिकडून नाही. आधी १८७९. मग बघू.’

त्यातले रकाने अजून तसेच ठसठशीत आहेत: हंगाम, प्रशिक्षक, सामने, जिंकले, हरले, बरोबरी, शेरा. शेऱ्याचा रकाना बाकी सगळ्यांना एकत्र केलं तरी त्यांच्यापेक्षा मोठा. पहिली ओळ १८७९ ची: शिकागोत रॅसीन कॉलेजवर विजय, डेट्रॉईटमध्ये टोरांटोशी ०–० बरोबरी. १८८१ मध्ये पोरं पूर्वेकडे गेली आणि एका आठवड्यात हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन या तिघांकडून हरून आली. त्याच्या खाली १८८२. सगळ्या रकान्यांत आडव्या रेघा आणि शेरा: ‘सामने झाले नाहीत.’ दुसरा कोणी असता तर ही ओळ गाळून पुढे गेला असता. तुम्ही तिलाही बाकीच्यांइतकीच जागा दिलीत.

फील्डिंग योस्ट प्रशिक्षक म्हणून आला ते १९०१ चं पान वाचताना तर मला तुमचा हिशेब चुकला असंच वाटलं. अकरा सामने, ५५० गुण, विरोधात शून्य. तुम्ही शांतपणे सांगितलंत की शून्य म्हणजे शून्यच, आणि तेव्हा टचडाउनला, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या टोकाच्या रेघेपलीकडे नेला की, पाचच गुण मिळायचे. १ जानेवारी १९०२ ला पॅसाडेनात पहिला रोझ बाऊल झाला, त्यात स्टॅनफर्डवर ४९–०. वेळ उरलेला असतानाच स्टॅनफर्डने हात टेकले आणि सामना थांबवला. त्यानंतर तिथे १९१६ पर्यंत पुन्हा फुटबॉलचा सामनाच भरवला नाही. १९०३ मध्ये मिनेसोटाशी ६–६ बरोबरी झाली आणि मिशिगनचा संघ आपलं पाण्याचं मातीचं मडकं तिथेच विसरून आला. त्या मडक्यासाठी हे दोन संघ आजही खेळतात. ५६ सामने न हरलेला तो संघ १९०५ मध्ये शिकागोकडून २–० असा हरला. मोठं पर्व, पण खरं सांगायचं तर त्या पानांवर माझं मन फार रमलं नाही. सतत जिंकणाऱ्यांच्या ओळी एकसारख्या दिसतात.

१९३४ वर तुम्ही मला थांबवलंत, आणि या पत्रात ज्याबद्दल आभार मानायचे आहेत ते सगळ्यांत जास्त हेच.

आकडे साधे. सामने ८, जिंकला १, हरले ७. आदल्या दोन्ही वर्षी हाच संघ एकही सामना न हरता देशात अव्वल ठरला होता. प्रशिक्षक तेच, हॅरी किपके. मी म्हटलं, चांगले खेळाडू शिकून बाहेर पडले असतील. तुम्ही काही न बोलता बोट शेऱ्याकडे नेलंत. ‘एकमेव विजय जॉर्जिया टेकवर, ९–२. वॉर्ड बाहेर.’

विलिस वॉर्ड त्या संघातला एकटा कृष्णवर्णीय खेळाडू. धावण्यात आणि उंच उडीतही त्याचं नाव होतं. जॉर्जिया टेक दक्षिणेतला संघ. वॉर्ड मैदानात असेल तर आम्ही खेळणार नाही, असं त्यांचं म्हणणं. मिशिगनने ते मान्य केलं. विद्यार्थ्यांनी निषेध केला, सह्या गोळा केल्या, तरीही २० ऑक्टोबरला वॉर्डला बाहेर ठेवूनच सामना झाला. त्या संघात सेंटरच्या जागी खेळायचा जेराल्ड फोर्ड, पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला तोच. वॉर्ड त्याचा मित्र. फोर्डच्या मनाला ही गोष्ट इतकी लागली होती की १९९९ मध्ये, आयुष्याच्या उतारावर, त्याने एका जाहीर लेखात ती पुन्हा मांडली. वॉर्ड पुढे वकील झाला, न्यायाधीश झाला.

हे सगळं सांगून झाल्यावर तुम्ही मला एक हिशेब करायला लावलात. त्या अख्ख्या हंगामात मिशिगनने केलेले गुण २१. जॉर्जिया टेकविरुद्धचे ९ वजा केले की उरतात १२. हे बाराच्या बारा गुण वॉर्डने केलेले. मी पेन्सिल खाली ठेवली. इतकी वर्षं झाली तरी कुठल्याही संघाचा तक्ता समोर आला की जिंकल्याच्या रकान्यातला आकडा पाहून माझा हात आपोआप शेरा शोधतो. कंपनीतले अहवाल वाचतानाही मी हेच करते. ही सवय तुम्ही लावलीत, काका, आणि तिच्यावर मी आज पोट भरते आहे.

माहिती गोळा करण्याची तुमची पद्धतही तेव्हाच पाहिली. आधी पेन्सिलीने लिहायचं, मग नॉर्थ कॅम्पसवरच्या बेंटली हिस्टॉरिकल लायब्ररीत जाऊन ताळा करायचा, मगच पेन. ऐकीव गोष्ट कितीही चविष्ट असली तरी पेन तिला लागायचं नाही. मला सोबत नेलंत तेव्हा तिथल्या जुन्या कागदांना हात लावण्याआधी दोनदा हात धुवायला लावलेत. १९५० चा ‘स्नो बाऊल’ आपण असाच ताळा करून पुरा केला. कोलंबसमध्ये हिमवादळात कट्टर प्रतिस्पर्धी ओहायो स्टेटशी सामना, यार्डांच्या रेघा दिसेनाशा झालेल्या. मिशिगनने चेंडू २४ वेळा लाथेने दूर धाडला, एकदाही दहा यार्ड पुढे सरकले नाहीत, एकही पास हातात पडला नाही, आणि तरी ९–३ असा सामना जिंकला. बिग टेन परिषदेचं, म्हणजे हे दोघे ज्या विद्यापीठांच्या गटात खेळतात त्याचं, अजिंक्यपद आणि रोझ बाऊलही त्यातून मिळाला. समोरच्याची किक अडवायची आणि त्याच्याच चुकीतून गुण काढायचे! कुस्तीच्या गावातली मी, हा डाव मला लगेच पटला.

१९६९ पासूनच्या पानांवर तुमचं अक्षर बदलतं. तिथून पुढचं तुम्ही डोळ्यांनी पाहिलेलं. आदल्या वर्षी ओहायो स्टेटने मिशिगनला ५०–१४ असं लोळवलं होतं. तुम्ही आलात त्या शरदात बो शेम्बेकलर नवे प्रशिक्षक, आणि २२ नोव्हेंबरला सलग २२ सामने जिंकलेला ओहायो स्टेट ॲन आर्बरला आला. २४–१२. सगळे गुण पहिल्या अर्ध्या डावातले. दुसऱ्या अर्ध्यात कोणालाच काही करता आलं नाही. लाखावर माणसं होती त्यात तुम्ही एक, मुंबईहून आणलेल्या पातळ स्वेटरात. तो दिवस तुम्ही जितका रंगवून सांगायचात तितकंच १९७३ त्रोटक सांगायचात. १०–०–१. ओहायो स्टेटशी १०–१० बरोबरी, आणि रोझ बाऊलला कोण जाणार हे परिषदेतल्या क्रीडा संचालकांनी मतदानाने ठरवलं. मत ओहायो स्टेटला. १९७२ ते १९७४ या तीन हंगामांत मिशिगन मिळून ३०–२–१, आणि बाऊल सामना एकही नाही, कारण तेव्हा परिषदेतून फक्त एकालाच जाता यायचं. या ओळीच्या शेऱ्यात तुम्ही लिहिलंय ‘मतदान’ आणि खाली दोन रेघा मारल्यात. काकी म्हणतात, त्या रात्री तुम्ही जेवला नव्हता.

१९९७ चं पान सगळ्यांना आवडतं, मलाही. १२–०, चार्ल्स वुडसनला हाइझमन, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, रोझ बाऊलमध्ये वॉशिंग्टन स्टेटवर २१–१६. पण मी जास्त वेळा उघडते ते २००६. अकरा विजय, दोन पराभव, शेरा: ‘बो गेले. दुसऱ्या दिवशी ३९–४२.’ देशातला पहिला आणि दुसरा संघ, ओहायो स्टेट आणि मिशिगन, १८ नोव्हेंबरला समोरासमोर, आणि १७ तारखेला बो गेले. एवढ्या मोठ्या प्रसंगाला तुम्ही पाचच शब्द-आकडे खर्च केलेत.

२०२० च्या ओळीपाशी आपण दोघांनी फोनवर बराच वेळ घालवला. २–४, सहाच सामने, ओहायो स्टेटशी सामनाच रद्द. १९१८ पासून न चुकता चाललेली ती मालिका तिथे तुटली. तुम्ही १९१८ चं पान काढायला सांगितलंत: इन्फ्लुएन्झाची साथ, पाचच सामने, पाचही जिंकले. रुग्णालयातल्या खाटेवरून तुम्ही मला पानं उलटायला लावत होतात आणि मी स्वयंपाकघरात रडत होते. हे तुम्हाला आज सांगते.

आणि २०२३. १५–०, ह्यूस्टनमध्ये वॉशिंग्टनवर ३४–१३, निर्विवाद अजिंक्यपद. मला वाटलं होतं, या ओळीत तरी तुम्ही नुसता जल्लोष लिहाल. तुम्ही जल्लोष लिहिलात, आणि त्याच रकान्यात, त्याच शाईत, विरोधी संघांच्या डाव सांगण्याच्या खुणा चोरल्याची चौकशी आणि प्रशिक्षक जिम हार्बो यांच्यावरची निलंबनंही लिहिलीत. मी कुरकुर केली तेव्हा एवढंच म्हणालात, ‘१९३४ लिहिलं ना? मग हेही लिहायचं.’ मला तुमचा तेव्हा राग आला होता. आता ते पान तसंच असल्याचं समाधान आहे.

रजिस्टरशिवायही तुमचं देणं बरंच आहे. पहिल्या हिवाळ्यात दिलेला तुमचा जुना जाड कोट. स्टेडियमसमोरच्या गोल्फच्या हिरवळीवर गाड्या लावून काकींनी डिकीत मांडलेले बटाटेवडे, ज्यांच्या वासाने ओहायोहून आलेली मंडळीही आपल्याकडे वळायची. मिशिगन स्टेडियमच्या दारातून पहिल्यांदा आत शिरले तेव्हा तुम्ही मुद्दाम मागे राहिलात. बाहेरून बुटकं वाटणारं ते बांधकाम आत गेल्यावर एकदम खाली खोल उघडतं, कारण योस्टने १९२७ मध्ये ते जमिनीत खणून बांधलं. तेव्हा आसनं ७२,०००, पण पाया पुढे एक लाखाच्या वर जाता येईल असा घातलेला. आज आकडा १,०७,६०१. शेवटची ती एक जागा प्रशिक्षक फ्रिट्झ क्रिसलर यांच्या सन्मानार्थ, हे तुम्ही माझ्या कानात ओरडून सांगितलंत, कारण साधं बोललेलं ऐकूच येत नव्हतं.

मागच्या सुट्टीत मी आणि बाबांनी कोल्हापुरात एक रजिस्टर सुरू केलंय. शाहू स्टेडियमवरचे हंगाम, बाबांच्या आठवणीतले आणि जुन्या कात्रणांतले. बाबांनी शेऱ्याचा रकाना चिमुकला आखला होता. त्यांना तुमच्या १९३४ च्या पानाचा फोटो दाखवला, सगळं वाचून दाखवलं, आणि ते उठून दुकानातून मोठं रजिस्टर घेऊन आले. पेन्सिलीचा नियमही लागू आहे. तालमीतले म्हातारे एकाच सामन्याचे तीन निकाल सांगतात, त्यामुळे पेनला अजून फारसं काम नाही.

तुमच्या रजिस्टरचं प्रत्येक पान मी स्कॅन केलंय, एक प्रत तुमच्या लेकीला पाठवली आहे. २०२४ ची ओळ पेनने भरली: ८–५, आणि कोलंबसला जाऊन ओहायो स्टेटवर १३–१०. शेऱ्यात काय लिहायचं यावर आपलं बोलणं बाकी आहे, म्हणून तो रकाना पेन्सिलीत आहे. शिवाय १९२७ च्या पानावर समासात तुम्ही बारीक अक्षरात काहीतरी लिहिलंय, ते मला लागत नाही. तुमच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं की व्हिडिओ कॉल लावते, तेव्हा वाचून सांगा. काकींना नमस्कार, आणि त्यांना म्हणावं वड्यांचं प्रमाण लिहून पाठवा, सप्टेंबर जवळ आला.

आपली नम्र,
कोल्हापूरची पोरगी