प्रश्नावलीच्या मागच्या बाजूला लिहिलेले दोन प्रश्न

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

परकीय आक्रमक प्रजातींच्या, म्हणजे बाहेरून आणलेल्या आणि स्थानिक जिवांना हटवणाऱ्या प्राणी-वनस्पतींच्या, नियंत्रणाविषयीचा कालचा अग्रलेख मी दोनदा वाचला. पहिल्या वाचनात राग आला. रागाच्या भरात पत्र लिहू नये म्हणून रात्र जाऊ दिली. सकाळी पुन्हा वाचला, तरी मत बदलले नाही. तज्ज्ञांनी विचारपूर्वक आखलेल्या मोहिमा लोकांच्या भाबड्या भूतदयेपायी अडून राहतात, असा आपला निष्कर्ष आहे. ज्या पाहणीच्या आधारे आपण तो काढला, तिच्यात 'नाही' या चौकटीवर खूण करणाऱ्यांपैकी मी एक आहे.

त्या प्रश्नावलीत तळ्यातील कासवांविषयी एकच प्रश्न होता: 'परकीय कासवे नष्ट करण्यास आपला पाठिंबा आहे काय?' खाली होय आणि नाही, एवढ्या दोन चौकटी. कासवे कोणती, किती, ती पकडून कशी मारणार, मारण्यावाचून दुसरा उपाय तपासून पाहिला आहे काय, आणि उद्या तळ्यात पुन्हा नवी कासवे येऊ नयेत म्हणून काय करणार, यांपैकी एका गोष्टीचाही उल्लेख नव्हता. इतक्या तुटपुंज्या प्रश्नाला कोणी 'होय' म्हटले तर त्याला विज्ञान कळते आणि 'नाही' म्हटले तर तो भावनेच्या आहारी गेलेला, असा अर्थ कसा लावता येतो, हे मला अजूनही समजलेले नाही.

माझ्या 'नाही'मागे एक जुनी गोष्ट आहे आणि ती सांगताना मला संकोच वाटतो. माझा मुलगा लहान असताना त्याच्या हट्टाखातर मी एक कासव विकत घेतले. हिरवेगार, डोळ्यांमागे लाल पट्टा असलेले, तळहाताच्या खळग्यात मावेल एवढे पिल्लू होते. 'हे एवढेच राहते, वाढत नाही,' असे दुकानदाराने मला ठामपणे सांगितले. ते लाल पट्ट्याचे कासव, म्हणजे रेड इअर्ड स्लायडर, मूळचे अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातले आहे, ते जेवणाच्या ताटलीएवढे वाढते आणि वीस-तीस वर्षे सहज जगते, ही माहिती मला पुढे कितीतरी वर्षांनी मिळाली. चार वर्षांत काचेची पेटी त्याला पुरेना. पाणी रोज बदलूनही दुर्गंधी जाईना. मी एका प्राणिसंग्रहालयात चौकशी केली, तेथे आणखी कासवे घेण्यास नकार मिळाला. दुकानदाराने परत घेण्यास नकार दिला. अखेरीस एका सकाळी मुलाला बरोबर घेऊन मी ते तळ्यात सोडले. एका जिवाला मोकळे केल्याचे समाधान त्या वेळी आम्हां दोघांनाही वाटले होते.

आज मला ठाऊक आहे की ऊन खाण्याच्या जागांवरून आणि अन्नावरून ही कासवे स्थानिक कासवांना हटवतात, आणि जगातील शंभर सर्वांत उपद्रवी आक्रमक प्रजातींच्या यादीत त्यांचे नाव आहे. मी केलेल्या चुकीची जबाबदारी मी टाळत नाही. परंतु ज्या दिवशी ती प्रश्नावली माझ्या हाती पडली, त्याच दिवशी बाजारातल्या एका दुकानात मी तीच हिरवी पिल्ले पाण्याच्या भांड्यात पोहताना पाहिली होती. म्हणून चौकटीवर खूण केल्यावर मी कागद उलटला आणि मागच्या कोऱ्या बाजूला दोन प्रश्न लिहिले. त्यांचे उत्तर आले नाही. चौकशी केल्यावर कळले की फक्त चौकटी मोजल्या गेल्या. मागची बाजू कोणी वाचलीच नव्हती.

आता आपल्या मुख्य मुद्द्याकडे येते. लोकांच्या विरोधामुळे नुकसान होते, हे आपले म्हणणे सर्वस्वी खोटे नाही. इटलीत तुरीनजवळ १९४८ मध्ये सोडलेल्या अमेरिकी करड्या खारींचा बंदोबस्त करण्याचा प्रयोग १९९७ मध्ये सुरू झाला, तेव्हा प्राणिहक्क संघटना न्यायालयात गेल्या आणि काम थांबले. संबंधित अधिकाऱ्यांची निर्दोष मुक्तता २००० साली झाली. पण तोवर खारी पसरल्या होत्या आणि तेथील मूळच्या लाल खारींना वाचवण्याची सोपी संधी निघून गेली होती. ही घटना वाचताना मलाही वाईट वाटते.

परंतु स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील युइस्ट बेटांवर काय घडले, तेही आपण लिहायला हवे होते. बागेतील गोगलगायी खाव्यात म्हणून १९७४ मध्ये तेथे हेजहॉग हे छोटे काटेरी प्राणी नेऊन सोडले गेले, आणि ते जमिनीवर घरटी करणाऱ्या पाणपक्ष्यांची अंडी फस्त करू लागले. २००३ मध्ये त्यांना मारण्याची मोहीम सुरू झाली. लोकांनी कडाडून विरोध केला, पण ते विरोध करून थांबले नाहीत. त्यांनी स्वतः हेजहॉग पकडून मुख्य भूमीवर, म्हणजे ते जिथले मूळ रहिवासी आहेत तिथे, नेऊन सोडले. स्थलांतरित प्राणी जगू शकतात, हे अभ्यासातून दिसल्यावर २००७ मध्ये मारणे थांबवून पकडून हलवण्याचे धोरण स्वीकारण्यात आले. तेथे पक्ष्यांचे रक्षण हा हेतू कोणालाच अमान्य नव्हता. वाद पद्धतीचा होता. होय-नाहीच्या चौकटीत हा फरक कोठे नोंदवायचा?

जपानने लाल पट्ट्याच्या याच कासवाबाबत जे केले, ते मला सर्वांत शहाणपणाचे वाटते. घरोघरी पाळलेल्या कासवांवर सरसकट बंदी घातली तर लोक ती रातोरात नद्यांत आणि तळ्यांत सोडून देतील, ही भीती तेथील शासनाने उघडपणे विचारात घेतली. जून २०२३ पासून लागू झालेल्या नियमानुसार घरातले कासव घरातच सांभाळण्यास मुभा आहे; आयात, विक्री आणि मोकळ्या पाण्यात सोडणे मात्र निषिद्ध आहे. माझ्यासारखी बाई कासवाची पेटी घेऊन तळ्याकडे का निघते, हे ज्याने समजून घेतले, त्यालाच असा नियम सुचू शकतो.

आपण आधार म्हणून दिलेल्या आंतरराष्ट्रीय जैवविविधता मंचाच्या २०२३ मधील अहवालातच म्हटले आहे की सुमारे ८० टक्के देशांनी आपल्या जैवविविधता आराखड्यांत आक्रमक प्रजातींविषयीची उद्दिष्टे नोंदवली आहेत, पण या विषयासाठी स्वतंत्र कायदे किंवा नियम असलेले देश केवळ १७ टक्के आहेत. ही तफावत लोकांच्या भूतदयेने निर्माण केलेली नाही. प्रजाती येऊच नये यासाठीची खबरदारी हा सर्वांत स्वस्त आणि परिणामकारक उपाय आहे, असेही तोच अहवाल सांगतो. मग लोकांचे मत विचारायचेच असेल, तर ते विक्री चालू असताना का विचारले जात नाही? मारण्याची वेळ आल्यावरच आमची आठवण का होते?

आणखी एक तक्रार नोंदवते. अग्रलेखात या जिवांना तीन ठिकाणी 'घुसखोर' म्हटले आहे. ते कासव समुद्र ओलांडून आले नाही. त्याला पेटीत घालून आणले, विकले, आणि मी माझ्या हातांनी पाण्यात सोडले. जलपर्णीसुद्धा तिच्या सुंदर जांभळ्या फुलांसाठीच माणसाने देशोदेशी नेली. त्यांना मारणे कधीकधी अटळ असते हे मी मान्य करते, पण त्यांच्यावर गुन्हेगाराचा शिक्का मारू नये.

पाहणी करणाऱ्यांपर्यंत माझा कागद पोहोचला, मागची बाजू पोहोचली नाही. तेव्हा तेथे लिहिलेले दोन्ही प्रश्न आपल्या अंकातून पुन्हा विचारते. तळ्यातील कासवे हटवण्याआधी दुकानांतील विक्री बंद होणार आहे काय? आणि ज्यांच्या घरी आज अशी कासवे आहेत, त्यांनी ती नेऊन द्यावीत अशी एखादी जागा आपण उघडणार आहात काय? दोन्हींचे उत्तर 'होय' असेल, तर माझी खूण 'होय'च्या चौकटीत धरावी.

आपली,
एक नियमित वाचक